उन्हाळ्यात कुत्रं का चिडतं?

मे महिन्यात दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला विदर्भातल्या कुठल्याही खेड्यातून चक्कर मारा. रस्त्यावर माणूस दिसणार नाही. कुत्री दिसतील, पण नेहमीच्या जागी नाहीत. एक हापशीजवळच्या चिखलात पोट टेकून पसरलेलं, एक नालीत निम्मं बुडालेलं, एक उभ्या बैलबंडीखाली माती उकरून त्या खळग्यात शिरलेलं. एरवी शेपटी हलवत पायाशी घोटाळणारं हेच कुत्रं आता कुणी जवळ गेलं की ओठ मागे ओढतं आणि घशातल्या घशात गुरगुरतं. जाणती माणसं पोरांना बजावतात, "त्याच्या आंगात ऊन चढलं, जवळ नोको जाऊ." या बजावण्यात बरंच तथ्य आहे, आणि ते कळायचं तर आधी कुत्र्याचं शरीर उन्हाशी कसं झगडतं ते पाहायला हवं.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा दीड-दोन अंशांनी जास्त. भोवतालची हवा याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर पडत राहते. पण आपल्याकडे अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत पारा 45 अंशांवर जाणं नवलाचं नाही. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांची नोंद झाली होती. अशा दिवशी हवाच कुत्र्यापेक्षा जास्त तापलेली असते आणि उष्णता उलट त्याच्या अंगात शिरू लागते. मग सुटकेचे दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे थंड जमिनीला पोट लावणं. नाली आणि उकरलेली माती ही त्यासाठीच. पोटावर केस विरळ असतात, त्यामुळे तिथून उष्णता लवकर निघते. दुसरा मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणं.

आपण घामातून ही वाफ करतो. कुत्र्याच्या कामी येणाऱ्या घामग्रंथी जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरत्याच असतात, आणि तेवढ्या घामानं अंग निवत नाही. म्हणून ते धापा टाकतं. शांत बसलेलं कुत्रं मिनिटाला पंधरा ते तीस वेळा श्वास घेतं. धापा टाकताना हाच आकडा 200 ते 400 वर जातो. हवा मुख्यतः नाकातून आत येते, तोंडातून बाहेर पडते, आणि जाता जाता नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावरचं व जिभेवरचं पाणी वाफ करून नेते. इतक्या वेगानं श्वास घेताना छातीचे स्नायू दमून स्वतःच उष्णता निर्माण करतील, अशी शंका कुणालाही येईल. ती रास्त आहे, पण त्यावरही शरीरात तोड आहे. फुप्फुसं आणि छातीचा पिंजरा यांची, झोक्याला असते तशी, स्वतःची एक नैसर्गिक कंपनगती असते. धापेचा वेग तिच्याशी जुळलेला असतो, त्यामुळे स्नायूंना श्रम फार कमी पडतात. मला कुत्र्याच्या शरीरातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

घरातल्या कूलरचं तंत्र हेच आहे, आणि त्याची मर्यादाही हीच. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर खोली गार करतो. मृगाचा पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर नुसती चिकट हवा फेकतो. कुत्र्याच्या जिभेचंही तसंच होतं. कोरड्या 44 अंशांत सावली आणि भरपूर पाणी मिळालं तर धाप काम करत राहते. जूनअखेरीस पारा 37-38 वर येतो, आपल्याला हायसं वाटतं, पण त्या उमसीत जिभेवरचं पाणी उडत नाही आणि कुत्र्याची तगमग चालूच राहते. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला म्हणून कुत्र्याचा त्रास संपला असं समजू नये, ते याच कारणानं.

धापेचं मोल पाण्यात चुकवावं लागतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते, पण ते लिटरभर पाणी शरीरातून जातं आणि परत प्यायला मिळायला हवं. उन्हाळ्यात गावातली डबकी आटतात, नळाला दिवसाआड पाणी येतं. मग ओल धरून असलेला एखादा कोपरा किंवा गोठ्यातली नांद हीच भांडणाची जागा होते. हिवाळ्यात एकमेकांना चिकटून झोपणारी कुत्री सावलीच्या तुकड्यावरून एकमेकांवर धावून जातात.

त्यात झोपेची भर. बागेत किंवा उन्हाळी भुईमुगात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं येतात म्हणून रात्री जागल असते, आणि मालकाबरोबर कुत्रंही रात्रभर जागं असतं. एरवी ते दिवसा झोपून ती तूट भरून काढतं. तापलेल्या टिनाखाली, मिनिटाला तीनशे धापा टाकत, ती झोप होत नाही. अपुऱ्या झोपेनं माणूस चिडचिडा होतो. कुत्र्याचं वेगळं काही नसावं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. धापा टाकणं आणि हुंगणं ही दोन कामं कुत्र्याला एकाच वेळी नीट जमत नाहीत. हुंगायला तोंड मिटून नाकातून छोटे छोटे श्वास घ्यावे लागतात. इस्राएलमधल्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्फोटकं शोधणारी कुत्री श्रमानं धापा टाकू लागली की त्यांची शोधण्याची क्षमता घटते असं दिसलं होतं. यावरून मी एक तर्क करतो. कुत्रं माणूस ओळखतं ते मोठ्या प्रमाणात वासावर. दुपारी अर्धवट गुंगीत, जीभ बाहेर काढून पडलेल्या कुत्र्याला आपल्याच वाड्यातला पोरगा जवळ आलेला उशिरा कळत असेल, तर दचकून दात दाखवणं समजण्यासारखं आहे. म्हणून अशा कुत्र्याजवळून जाताना लांबूनच आवाज द्यावा, नाव घ्यावं, आणि झोपलेल्याला तर हातच लावू नये.

चावण्याचं प्रमाण खरंच वाढतं का, याचा मोठा अभ्यास 2023 साली हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या आठ शहरांतल्या 2009 ते 2018 या काळातल्या 69,525 कुत्रा-चाव्यांच्या नोंदी त्यांनी हवामानाशी ताडून पाहिल्या. जास्त तापमानाच्या दिवसांत चावे सुमारे 4 टक्के, हवेत ओझोन जास्त असलेल्या दिवसांत 3 टक्के आणि अतिनील किरणं तीव्र असलेल्या दिवसांत 11 टक्के जास्त आढळले. हे आकडे तिथल्या शहरांचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्या खेड्याला लावता येणार नाहीत. शिवाय त्या नोंदींत कुत्र्याची जात, नर-मादी, कुत्रं आणि चावा बसलेला माणूस यांच्यात आधी काय घडलं, यातलं काही नव्हतं. ऊन माणसालाही चिडवतं. दगड मारणारा हातही उन्हानं तापलेला असू शकतो. आणि कुत्र्यांची सगळीच भांडणं उन्हाच्या माथी मारू नयेत. भाद्रपदातली टोळीयुद्धं माजाची असतात, हिवाळ्यात व्यालेली कुत्री अंगावर येते ती पिल्लांसाठी.

इथे एका समजुतीला ठाम नकार द्यायला हवा. ऊन लागून कुत्रं पिसाळतं, असं आजही गावोगावी मानलं जातं. रेबीज हा विषाणूचा आजार आहे. बाधित जनावराच्या लाळेतून, बहुधा चाव्यातून, तो पसरतो. उन्हानं तो होत नाही आणि थंडीत टळत नाही. उन्हानं बेजार कुत्र्याच्या जिभेवरून लाळ गळते, पण सावली आणि पाणी मिळालं की ते पितं, शांत होतं. रेबीज झालेल्याला गिळताच येत नाही म्हणून लाळ गळते. आवाज बदलतो, चाल बिघडते, अनेकदा ते दिसेल त्याला चावत सुटतं. तरीही लांबून पाहून निदान करण्याच्या भानगडीत पडू नका. चावा कसाही असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, चुना-हळद-तिखट काही लावू नका आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा. "बिचारं उन्हानं चिडलं होतं" हे लस न घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

बांधलेल्या कुत्र्याचे हाल सर्वांत जास्त. सकाळी कडुनिंबाच्या सावलीत बांधून मालक शेतात जातो; सावली सरकते, साखळी सरकत नाही. दुपारी एकला ते जनावर भर उन्हात असतं आणि पाण्याचं घमेलं पलीकडे. दिवसभर सावली राहील अशीच जागा निवडा आणि पाणी पसरट, जड भांड्यात साखळीच्या आत ठेवा. फिरवायचं ते सूर्य उगवायच्या आधी. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

शरीराचं तापमान 41 अंशांपुढे गेलं की प्रश्न जिवाचा होतो. हिरड्या गडद लाल, लाळ चिकट आणि घट्ट, पाय लटपटणं, उलटी, हाक मारली तरी न ओळखणं, ही लक्षणं. ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या 2016 सालच्या नोंदींच्या अभ्यासात उष्माघात झालेल्यांपैकी सुमारे 14 टक्के दगावल्याचं आढळलं, आणि चपट्या नाकाच्या जातींना धोका दुपटीच्या आसपास होता. हौसेनं गावात पग आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अशा वेळी आधी थंड करा, मग दवाखाना गाठा. सावलीत न्या, पोट, मांड्या आणि पंजांवर हाताशी असेल ते पाणी ओतत राहा, जोरात वारा घाला. ओलं पोतं अंगावर पांघरून ठेवू नका, त्यानं वाफ अडते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि ते उठून चालायला लागलं, शेपटी हलवू लागलं, तरी पशुवैद्याकडे न्याच. मूत्रपिंडाचे आणि रक्त गोठण्याचे बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांतही उमटू शकतात.