‘ब्लॉक’ आला कुठून?

रविवारी ठाणे स्टेशनात उभे राहिले की कानावर मेगाब्लॉक पडतो. स्टेशनाबाहेर आले की पायाखाली पेव्हर ब्लॉक. नौपाड्यातली जुनी माणसे स्वतःच्या घराला अजून ‘आमचा ब्लॉक’ म्हणतात. शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याचे काम बीडीओ (ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसर) साहेबांकडे असते, त्यातला ‘बी’ म्हणजेही ब्लॉक. आणि हॉस्पिटलच्या दारात कोणीतरी फोनवर सांगत असते, ‘अण्णांच्या हार्टमध्ये ब्लॉक निघालाय.’

हे सगळे अर्थ मराठीत एकदम आले नाहीत. रेल्वे, घरबांधणी, सरकारी योजना, कारखाने, दवाखाना अशा वेगवेगळ्या दारांनी हा शब्द आत आला आणि प्रत्येक दाराने वेगळा अर्थ आणला. एका दाराचा अर्थ दुसरीकडे लावला की गोंधळ होतो, आणि काही वेळा तो महागात पडतो.

मूळ शब्द डच. मध्ययुगीन डच भाषेत ‘ब्लोक’ म्हणजे झाडाच्या खोडाचा तुकडा, ओंडका. तिथून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजीत रुळला. ओंडक्याचे दोन गुण असतात: तो भरीव, एकसंध असतो, आणि वाटेत पडला तर वाट अडवतो. इंग्रजीतले बहुतेक अर्थ या दोन गुणांतून फुटले. अडवण्याचा अर्थ फ्रेंच क्रियापद ‘ब्लोके’मधून आणखी पक्का झाला.

मराठीला ही वाट अनोळखी नाही. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचे जाड लाकूड, आणि कामात खोडा घालणे म्हणजे काम अडवणे. अडसर म्हणजे दाराला आतून लावायचा लाकडी दांडा. आज तो शब्द अडचण याच अर्थाने जास्त ऐकू येतो. भरीवपणाच्या बाजूला आपला ठोकळा आहे, आणि त्यावरून ठोकळेबाज. म्हणजे डच-फ्रेंच-इंग्रजी मिळून एका शब्दाने जे केले, ते मराठीने तीन-चार शब्दांत वाटून घेतले होते. म्हणूनच ‘ब्लॉक’ला एक मराठी प्रतिशब्द ठरवायचा प्रयत्न फसतो.

कारखान्यातला ब्लॉक यातला सर्वांत जुना. जहाजावर शीड ओढायच्या दोराची चाके लाकडी ठोकळ्यात बसवलेली असत, म्हणून कप्पीला इंग्रजीत ब्लॉक. वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमध्ये जड जॉब, म्हणजे घडवायचा भाग, उचलायला लागतो तो चेन पुली ब्लॉक याच घराण्यातला. आज त्यात लाकूड औषधालाही नाही, नाव मात्र लाकडाचेच राहिले. इंजिनाचा ब्लॉक आणि गोल जॉब धरायचा व्ही-ब्लॉक भरीवपणावरून आले. छापखान्यातला ब्लॉकही तसाच: फोटोची जस्ताची पातळ पट्टी लाकडावर ठोकून तिची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीला, म्हणजे ०.९१८ इंचाला आणायची. उंची जरा कमी पडली तर चित्र पुसट छापले जायचे. मग ब्लॉकखाली कागद घालून ती भरून काढत.

आता मेगाब्लॉक. तो समजायचा तर आधी रेल्वेचा जुना ब्लॉक समजला पाहिजे, कारण त्याचे काम नेमके उलटे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर. त्या काळी इंग्लंडमध्ये दोन गाड्यांमधले अंतर बहुधा घड्याळाने राखत: एक गाडी गेली की ठरावीक मिनिटे थांबायचे आणि दुसरी सोडायची. पुढची गाडी वाटेत बंद पडली तर मागच्या ड्रायव्हरला ते कळायला मार्ग नसे. विल्यम कुक यांनी १८४२ मध्ये तारायंत्राच्या जोरावर दुसरी पद्धत मांडली होती: मार्गाचे तुकडे पाडा आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडा. हा तुकडा म्हणजे ब्लॉक सेक्शन. ही पद्धत सगळीकडे लागू व्हायला मात्र अपघात घडावा लागला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा इथे सहलीची गाडी चढावर अडकली. ती तोडून दोन भागांत न्यायचे ठरले, तेव्हा मागचे डबे उतारावरून उलटे घरंगळले आणि मागून सोडलेल्या गाडीवर आदळले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ब्लॉक पद्धत सक्तीची केली.

ठाण्याहून सुटणारी लोकल आजही याच तत्त्वावर धावते. फरक एवढाच की दोन स्टेशनांमधल्या अंतराचे सिग्नलांनी अनेक छोटे ब्लॉक केले आहेत आणि रुळांतला विद्युतप्रवाहच तुकडा रिकामा आहे की भरलेला ते सांगतो. म्हणून तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या सोडता येतात. या ब्लॉकमुळे गाड्या चालतात. रविवारच्या ब्लॉकमुळे त्या थांबतात.

रविवारचा ब्लॉक म्हणजे ठरावीक रूळ ठरावीक वेळेसाठी वाहतुकीकडून काढून देखभालीच्या माणसांच्या ताब्यात देणे. मध्य रेल्वे त्याला मेगाब्लॉक म्हणते, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक म्हणतात. त्यात दोन गोष्टी वेगळ्या असतात. ट्रॅफिक ब्लॉकमध्ये त्या रुळावर गाडी सोडायची नाही. पॉवर ब्लॉकमध्ये वरच्या तारेतला प्रवाह बंद करायचा. पूर्वी मुंबईत तो १,५०० व्होल्ट डीसी होता, आता २५,००० व्होल्ट एसी आहे. प्रवाह बंद केला म्हणजे तार सुरक्षित झाली असे नाही. शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही विजेचा दाब तयार होतो. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे रॉड लावतात, आणि त्याचा क्रम कधीही चुकवायचा नसतो: रॉडची खालची क्लॅम्प आधी रुळाला घट्ट करायची, मगच वरचा आकडा तारेवर टाकायचा. काढताना आधी वरचा आकडा, शेवटी खालची क्लॅम्प. क्रम उलटा केला तर तारेतली वीज रॉड धरणाऱ्याच्या अंगातून जमिनीकडे वाट काढते. हे काम रणरणत्या उन्हात, शेजारच्या रुळावरून लोकल धडधडत असताना चालते. उशीर झाला म्हणून कपाळाला आठ्या घालताना एवढे डोळ्यांसमोर आणायलाच हवे.

सकाळी अकराच्या सुमारास ब्लॉक सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो. रात्री का करत नाहीत, हा प्रश्न दर रविवारी निघतो. रात्रीचेही ब्लॉक होतातच, पण शेवटची लोकल आणि पहाटेची पहिली यांत तीनेक तास मिळतात. त्यातून प्रवाह बंद करणे, अर्थिंग आणि शेवटी सगळे पूर्ववत करणे वजा केले की टॅम्पिंग मशीनला खडी दाबायला किंवा रूळ बदलून वेल्ड थंड व्हायला वेळ अपुरा पडतो. वेळेत काम संपले नाही तर रेल्वेची माणसे ‘ब्लॉक बर्स्ट झाला’ म्हणतात. आधीची गाडी उशिरा निघाल्याने ब्लॉकच उशिरा मिळणे, मशीन मध्येच बंद पडणे ही त्याची नेहमीची कारणे. आणि ब्लॉक उठल्यावरही त्या जागी काही काळ वेगमर्यादा लावलेली असते, कारण नव्याने दाबलेली खडी गाड्यांच्या वजनाने बसावी लागते. चार वाजून गेले तरी लोकल रखडते ती पुष्कळदा यामुळे.

ठाणेकरांनी यातले दोन मोठे ब्लॉक सोसले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गासाठी ७२ तासांचा, आणि ३१ मे ते २ जून २०२४ मध्ये फलाट क्रमांक ५ रुंद करण्यासाठी ६३ तासांचा. दुसऱ्या वेळी रूळ सरकवून मोकळ्या झालेल्या जागेत आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे पोकळ ब्लॉक बसवले आणि फलाट दोन ते तीन मीटर वाढला. ब्लॉक घेऊन ब्लॉक बसवले, असे वाक्य मराठी माणसाला न अडखळता कळते.

घराचा ब्लॉक ही मात्र मुंबई-ठाण्याची स्वतःची कमाई आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत चार रस्त्यांमधल्या इमारतींच्या पुंजक्याला ब्लॉक म्हणू लागले, ब्रिटिश इंग्रजीत ‘ब्लॉक ऑफ फ्लॅट्स’ म्हणजे सबंध इमारत. आपल्याकडे अर्थ आक्रसला आणि इमारतीचे नाव तिच्यातल्या एका घराला मिळाले. कारण चाळ. चाळीत खोली असते, संडास गॅलरीच्या टोकाला. जिथे संडास-न्हाणीघर दाराच्या आत आले, ते सेल्फ-कंटेन्ड घर म्हणजे ब्लॉक. ‘ब्लॉक सिस्टीममध्ये राहतात’ हे स्थळ सांगताना आवर्जून सांगायचे वाक्य होते. नौपाडा, विष्णूनगर, पाचपाखाडीतल्या ओनरशिपच्या इमारतींबरोबर तो शब्द ठाण्यात पसरला. पुढे बिल्डरांच्या जाहिरातींत वनबीएचके आले आणि ब्लॉक मागे पडला. नवी मुंबईत तर तो रुजलाच नाही. सिडकोची स्थापना १९७० ची. तिने शहर नोड, सेक्टर, प्लॉट अशा भाषेत आखले आणि वाशी-नेरुळकर पत्ता सेक्टरनेच सांगतात.

जुन्या कायद्याने हा शब्द उचलला नाही. महाराष्ट्राचा १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा इंग्रजीत ‘फ्लॅट’ म्हणतो. त्यामुळे जुने घर विकताना अडचण येते ती अशी: करारनाम्यात ‘ब्लॉक नं. ७’, शेअर सर्टिफिकेटवर ‘फ्लॅट नं. ७’, मालमत्ता कराच्या बिलावर ‘खोली’. काही इमारतींत तर ब्लॉक म्हणजे विंग, आणि ‘ब्लॉक बी’ची नोंद भलत्याच कोणाच्या तरी घराची म्हणून लावली जाते. बँकेचा वकील इथेच अडतो. करारनामा, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा इंडेक्स टू), शेअर सर्टिफिकेट आणि कराचे बिल शेजारी ठेवून आधीच ताडून पाहावे, आणि सगळे उल्लेख एकाच घराचे आहेत असे सोसायटीचे पत्र गिऱ्हाईक येण्यापूर्वी घेऊन ठेवावे.

सरकारी ब्लॉकची तारीख ठाम आहे: २ ऑक्टोबर १९५२, सामुदायिक विकास कार्यक्रम. सुमारे शंभर गावे आणि साठ-सत्तर हजार लोकवस्तीचा एक विकास गट, म्हणजे ब्लॉक. १ मे १९६२ ला पंचायत समित्या आल्या आणि बीडीओचा गटविकास अधिकारी झाला. इथे ‘गट’ हा प्रतिशब्द चपखल बसला. जमिनीच्या एकत्रीकरणात तर मजाच झाली: १९४७ च्या मुंबई राज्याच्या एकाच कायद्यातून महाराष्ट्रात गट नंबर आला आणि गुजरातेत ब्लॉक नंबर. राजकारणात सुभाषबाबूंचा १९३९ चा फॉरवर्ड ब्लॉक आहे. इंग्रजीत त्याचे स्पेलिंग फ्रेंच वळणाचे, शेवटी ‘के’ नसलेले. देवनागरीने तो भेद पुसून टाकला.

पेव्हर ब्लॉक शब्दासारखाच नेदरलँड्सकडून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे भाजलेल्या विटांची टंचाई झाली आणि रस्त्यांसाठी काँक्रीटचे ठोकळे पाडू लागले. आपल्याकडे त्यासाठी आयएस १५६५८ हे मानक आहे. फुटपाथला ५० ते ६० मिलिमीटर जाडी चालते, गाड्यांची नेहमीची वर्दळ असेल तर ८० किंवा जास्त. खाली दाबून बसवलेला थर, त्यावर २० ते ४० मिलिमीटर रेती, दोन ब्लॉकमध्ये २ ते ४ मिलिमीटरची फट आणि त्या फटीत बारीक कोरडी रेती. फुटपाथवरचा ब्लॉक डुगडुगतो आणि पावसात पोटऱ्यांवर चिखल उडवतो, त्याचे कारण सहसा ब्लॉकमध्ये नसते. खालचा थर उंचसखल असतो आणि तो रेतीने भरून काढलेला असतो, किंवा कडेचा कर्ब तुटलेला असतो आणि रेती तिथून वाहून जाते. केबलसाठी खणून माती न दाबता बुजवले तरी हेच होते. एकच ब्लॉक उचलून खाली मूठभर रेती घातली तर आठवड्यात पुन्हा तेच. आजूबाजूचा निदान मीटरभर भाग उचलून खालचा थर दाबावा लागतो.

दवाखान्यातल्या ब्लॉकबद्दल मात्र नीट सांगायला हवे, कारण घराघरांत दोन वेगळे आजार या एका शब्दात मिसळले आहेत. डॉक्टरांच्या भाषेत हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयातला विजेचा संदेश वरच्या कप्प्यांतून खाली पोचायला उशीर होणे किंवा न पोचणे. ही संज्ञा १८८०च्या दशकातली, इंग्रज शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर गॅस्केल यांच्या कामातून आलेली. तो ईसीजीवर दिसतो: फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री, कम्प्लीट, किंवा संदेश नेणाऱ्या उजव्या-डाव्या फांदीतला अडथळा, म्हणजे आरबीबीबी, एलबीबीबी. कम्प्लीट ब्लॉकमध्ये नाडी फार मंदावते, चक्कर येते, शुद्ध हरपते, आणि उपाय पेसमेकर. उलट घरी ‘दोन ब्लॉक निघाले’ म्हणतात ते बहुधा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे असतात. ते अँजिओग्राफीत दिसतात, टक्क्यांत सांगतात, आणि त्यांचा उपाय औषधे, स्टेंट किंवा बायपास. आरबीबीबी निरोगी माणसाच्या ईसीजीतही सापडू शकतो; तेवढ्यावरून ‘नस बंद आहे’ समजून घाबरू नये. आणि कम्प्लीट ब्लॉक असलेल्याला ‘एवढ्यात अँजिओ नको’ म्हणून घरी थांबवले तर जिवावर बेतू शकते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना ‘ब्लॉक आहे’ एवढेच तोंडी सांगू नये. ईसीजीची मूळ पट्टी आणि अँजिओग्राफी झाली असेल तर तिची सीडी व रिपोर्ट, दोन्ही सोबत न्यावेत.