फाइल सर्व्हर बदलण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सर्व्हर बदलायचे ठरले की कृपया एक करा: जुने यंत्र बंद करू नका, रीस्टार्टही करू नका. वर्षानुवर्षे अखंड फिरलेली हार्ड डिस्क एकदा थांबून थंड झाली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. आधी वेगळ्या डिस्कवर संपूर्ण बॅकअप घ्या. धूळ झाडणे, जागा हलवणे वगैरे त्यानंतर.

"आमच्याकडे रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची रचना) आहे, बॅकअप कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. रेड फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवते. चुकून डिलीट झालेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जाते, रॅन्समवेअरही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तसेच पसरते. रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारा रेडचा प्रकार) मधल्या डिस्क एकेक करून काढून मोठ्या बसवणे स्वस्तात पडते, तरी आम्ही ते सुचवत नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी उरलेल्या जुन्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात आणि तेवढा वेळ संरक्षण शून्य असते. चार डिस्क असतील तर हा जुगार चारदा खेळायचा. त्यापेक्षा नवा सर्व्हर शेजारी उभा करून त्यावर प्रत घ्यावी.

प्रत घेण्यापूर्वी डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहा. पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरचे नीट वाचता न येणारे तुकडे) आकडा शून्य नसेल तर साधी कॉपी सुरू करू नका, आम्हाला कळवा. तेच खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचताना उरलीसुरली डिस्कही जाऊ शकते.

विंडोजवर फोल्डर माउसने ओढून कॉपी केले तर परवानग्या (कोणती फाइल कोणी उघडायची, बदलायची) मागेच राहतात. विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कॉपी करण्याची आज्ञा वापरा, पण तिच्या मूळ सेटिंगवर विसंबू नका. परवानग्या ती आपणहून नेत नाही. त्यासाठी 'कॉपी ऑल' पर्याय द्यावा लागतो. एखादी फाइल कुलूपबंद (कोणीतरी उघडून ठेवलेली) असेल तर रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी, तब्बल १० लाख वेळा प्रयत्न करते. म्हणजे रात्री लावलेली कॉपी सकाळी त्याच फाइलवर अडकलेली सापडते. पुनर्प्रयत्न १ आणि थांबा १ सेकंद ठेवा. 'मिरर' पर्याय सर्वांत धोक्याचा: मूळ ठिकाणी जे नाही ते तो दुसरीकडून पुसतो. मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली, तर रिकाम्या नव्या सर्व्हरची 'प्रत' म्हणून जुना सर्व्हरही रिकामा होईल. आधी फक्त यादी दाखवणारी चाचणी चालवा.

वेळेचा अंदाज: गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला सुमारे ११० एमबी, म्हणजे १ टीबीला अडीच तास. लाखो छोट्या फाइली असतील तर याच्या कितीतरी पट. म्हणून पहिली पूर्ण प्रत कामकाज चालू असताना, नंतर रोज रात्री फक्त बदललेल्या फाइली आणि अखेरच्या दिवशी जुने शेअर (नेटवर्कवर सर्वांना दिसणारे फोल्डर) 'केवळ वाचन' करून शेवटची फेरी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस उघडा असताना कॉपी करू नये. तो बंद करा किंवा त्याचाच बॅकअप वापरा.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. शेअरच्या परवानग्या फाइलींसोबत नसतात, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) असतात. त्या वेगळ्या न्याव्या लागतात. आणि डोमेन (सर्व संगणकांची वापरकर्ता खाती एकाच ठिकाणी ठेवणारी व्यवस्था) नसेल तर नव्या सर्व्हरवर त्याच नावाचा वापरकर्ता बनवला तरी त्याची ओळख वेगळी ठरते. मग परवानग्यांत नावाऐवजी एक लांबलचक क्रमांक दिसतो.

पडताळणी करताना फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा. 'डिस्कवरील आकार' जुळवू नका, तो क्लस्टरनुसार (डिस्कवर जागा ज्या ठोकळ्यांत वाटली जाते त्यांच्या आकारानुसार) बदलतो. रोबोकॉपी फक्त आकार आणि तारीख पाहते, आतला मजकूर नाही. महत्त्वाच्या फोल्डरचे एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, फाइलचा जणू ठसा) दोन्हीकडे काढून ताडून पाहा.

बदलानंतर जुन्या कॉपियरचे 'फोल्डरमध्ये स्कॅन' बंद पडले, तर ते बहुधा एसएमबी १ वर (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालणारे असते. नव्या विंडोज सर्व्हरवर एसएमबी १ मुळात बसवलेलेच नसते आणि कॉपियरपायी ते सुरू करू नका. २०१७ मधले वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्यातल्याच त्रुटीतून पसरले. कॉपियरचे फर्मवेअर (यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करा किंवा स्कॅन ईमेलवर पाठवा.

जुना सर्व्हर नेटवर्कपासून तोडून किमान एक तिमाही तसाच ठेवा. राहून गेलेली फाइल सहसा तिमाहीतून एकदाच उघडली जाणारी असते. प्रत्येक डिस्कवर तिच्या खणाचा क्रमांक चिकटवा. ती दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर विंडोजने 'इनिशियलाइज करू का?' (म्हणजे डिस्क नव्याने तयार करू का?) विचारले, तर उत्तर 'नाही'.