घाट चढून आल्यावर दोन मिनिटं: टर्बोच्या एका सवयीची पार्श्वभूमी

साखरप्याहून आंबा घाट चढून माथ्यावर चहाला थांबणारे जुने चालक गाडी लगेच बंद करत नाहीत. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवतात, मग चावी काढतात. ही सवय मुळात ट्रक आणि वडापच्या जीपवाल्यांची. आता दारातल्या छोट्या पेट्रोल गाडीलाही टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप, आला आणि त्या दोन मिनिटांवरून घराघरांत वाद सुरू झाला. नवी गाडी घेतलेला मुलगा म्हणतो, गरज नाही. वडील चावीला हात लावू देत नाहीत.

टर्बोचं पेटंट १९०५ चं, एका स्विस अभियंत्याचं. प्रवासी मोटारीत तो यायला १९६२ उजाडलं. दोन अमेरिकी गाड्यांनी सुरुवात केली, पण त्या फार काळ चालल्या नाहीत. खरा प्रसार सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात झाला. दोन मिनिटांचा नियमही त्याच काळातला.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. पेट्रोल इंजिनाचा धूर त्याच्या एका टोकाला, म्हणजे टर्बाइनच्या पात्यांवर, ९०० अंशांच्याही वर तापलेला असतो. जोर लावून आलेलं इंजिन पटकन बंद केलं की ऑइल पंप थांबतो. टर्बाइनकडची उष्णता मात्र मधल्या बेअरिंगकडे सरकत राहते आणि तिथं अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. असं वारंवार झालं की ऑइलची वाट अरुंद होते, बेअरिंग झिजतं, शाफ्ट ढिला होऊन हलू लागतो आणि एक दिवस सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. तेव्हाचं ऑइल साधं खनिज होतं आणि बहुतेक टर्बो फक्त ऑइलवरच थंड होत. त्या यंत्रासाठी नियम अचूक होता.

पुढे टर्बोच्या मधल्या भागात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरू लागलं, सिंथेटिक ऑइल आलं. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा छोटा पंप पाणी फिरवत राहतो. म्हणून मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. अर्धंच, कारण बऱ्याच डिझेल टर्बोंना आजही पाण्याची जोडणी नसते, आणि मोठा चढ किंवा सलग वेग यानंतर थोडं थांबा, असं कित्येक मॅन्युअलांत अजूनही छापलेलं असतं. माझ्या मते वाद चुकीच्या जागेवर चालला आहे. हायवे सोडून वाडीकडे वळलेली गाडी शेवटचे तीन-चार किलोमीटर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळूच येते. टर्बो वाटेतच निवतो. अंगणात इंजिन चालू ठेवून काही मिळत नाही. चौपदरी रस्त्यावर सुसाट येऊन ढाब्यावर थेट चावी फिरवणं मात्र घातक, आणि घाटमाथ्यावर तर वडीलच बरोबर.

आपल्याकडे छोट्या टर्बोची लाट करामुळे आली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी झालं. मग त्याच मर्यादेत ताकद काढायची तर टर्बो हाच मार्ग उरला. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं, लहान डिझेल इंजिनं महाग पडू लागली आणि त्यांची जागा टर्बो पेट्रोलने घेतली.

कोकणात या गाड्यांना खरा त्रास धुळीचा आणि कमी चालण्याचा. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामात वर्षानुवर्षं लाल धूळ उडते आहे. एअर फिल्टर काढून डब्याच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला बोट फिरवावं. बोटाला लाल भुकटी लागली तर ती कंप्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा ढकलणाऱ्या टोकाच्या, पात्यांपर्यंत पोचते आहे. सर्व्हिसची वाट न पाहता फिल्टर आणि त्याची बैठक दोन्ही तपासावं. टर्बोतून आलेली गरम हवा निववणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा हलका ओलावा दिसला की ‘टर्बो बसला’ म्हणून घाबरवणारे भेटतात. तेवढा ओलावा बहुतेकदा साधाच असतो.

गावात फक्त बाजारापुरती फिरणारी गाडी तर कधी नीट तापतच नाही. ऑइलमध्ये पाणी आणि इंधन साचतं. बीएस-६ डिझेलमध्ये धुराचा फिल्टर साफ करायला इंजिन जादा डिझेल फवारतं. सफाई अर्ध्यावर तुटली की त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी चक्क वाढते. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर न मोजता महिन्यांवर बदलावं, आणि पंधरवड्यातून एकदा तरी हायवेवर अर्धा-पाऊण तास सलग चालवावी.

चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबून इंजिन रखडवण्याची सवयही जुन्या डिझेलची. थेट इंधन फवारणीच्या टर्बो पेट्रोलमध्ये त्यानं मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटू शकतो. २०१८ पासून ऑइलच्या नव्या दर्जांत या दोषाची वेगळी चाचणी आली, म्हणून डब्यावर ‘एसपी’ किंवा किमान ‘एसएन प्लस’ आहे का, ते ऑइल ओतण्याआधी पाहावं.