तटामागे बसणं वेगळं, गनिमाला ओढून मारणं वेगळं

सोलापुरात सिव्हिलायझेशन 6 (सिव्ह) हा राज्य उभारून लढायचा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात जा. डेइटी या सगळ्यात कठीण लेव्हलवर मार खाऊन आलेल्याला एकच सल्ला मिळतो: "डिफेन्सिव्ह खेळ की बे!" पोरगं बिचारं ऐकतं. भिंत बांधतं, शहरात आर्चर (तिरंदाज) कोंबतं. शेजारी येतो, भिंतीवर डोकं आपटून परत जातो. पोरगं खूश. शंभरेक टर्नांनी (पाळ्यांनी) तोच शेजारी तोफा घेऊन येतो आणि राजधानी उचलून नेतो. मग ठरलेलं रडगाणं: एआय (संगणकाचा खेळाडू) चीटिंग करतंय.

करतंच. पण लपूनछपून नाही. डेइटीवर संगणकाला सुरुवातीलाच तीन सेटलर (नवं शहर वसवणारे) आणि पाच वॉरियर (साधं पायदळ) मिळतात. उत्पादन आणि सोनं 80 टक्के जास्त, विज्ञान-संस्कृती 32 टक्के जास्त, आणि त्याच्या प्रत्येक युनिटला (फौजेच्या तुकडीला) लढाईत वर चार गुण. हे आकडे तुम्हाला माहीत असणारच, नसतील तर आधी प्रिन्स या सोप्या लेव्हलवर चार डाव खेळून या. माझी तक्रार चीटिंगबद्दल नाही. "डिफेन्सिव्ह" या एकाच शब्दाखाली लोक दोन उलट्या गोष्टी कोंबतात, तिथे माझं डोकं फिरतं.

पहिली गोष्ट तटामागे बसणं. ती सगळ्यांना येते, तिच्यावर शाई घालवत नाही. दुसरी म्हणजे शत्रूला आपण ठरवलेल्या जमिनीवर येऊ देणं, तिथे त्याची फौज कापणं आणि लगेच त्याच्या अंगावर जाणं. स्क्रीनवर पहिले पाच-सहा टर्न दोन्ही अगदी सारखे दिसतात. आपली युनिट उभी, समोरून लोंढा. पैसा एकात भिंतीवर जातो, दुसऱ्यात आर्चरवर. एकात युनिट शहरात असतात, दुसऱ्यात शहराबाहेर दोन-तीन टाइल (नकाशातली घरं) पुढे. हे फरक किरकोळ, बघून बघून कळतात.

खरा फरक एकच: एक टर्न सरला की फायदा कोणाचा?

डेइटीच्या शेजाऱ्याचं उत्पादन 80 टक्के जास्त. म्हणजे तुम्ही दहा टर्नांत जेवढं बनवाल, तेवढ्याच शहरांतून तो अठरा टर्नांचं बनवतो. तुम्ही भिंतीमागे सुखात झोपलात तरी ती तफावत झोपत नाही. पहिली लाट वॉरियरची, पुढची तरवारवाल्यांची, मग घोडदळ, मग तोफा. तुमची भिंत मात्र तीच. नुसतं बसून राहणारा प्रत्येक टर्न त्याच्या खिशात घालतो, आणि लोक त्याला संयम म्हणतात!

लढाईत मात्र हाच गडी कच्चा. कारण साधं आहे. सिव्ह 4 मध्ये एका टाइलवर वाटेल तेवढी फौज रचता यायची, संगणक ढीग करून आणायचा आणि तो ढीग भारी पडायचा. 2010 साली सिव्ह 5 ने एका टाइलवर एकच लढाऊ युनिट हा नियम आणला, 6 मध्ये त्यात थोडी सूट आहे, पण मूळ नियम तोच. तेव्हापासून फौज हलवणं म्हणजे ट्रॅफिक सांभाळणं झालं, आणि ते संगणकाला आजही धड जमत नाही. आर्चर पुढे, तरवारवाले मागे, एकेक करून येतो. म्हणजे तो श्रीमंत आहे, पण हुशार नाही. त्याची श्रीमंती टर्नागणिक वाढते, म्हणून लढाई लवकर आणि आपल्या जागेवर व्हायला हवी.

आता जागा म्हणजे काय ते जरा जवळून बघू.

समजा समोर दलदलीची टाइल आहे. तिच्यात शिरायला दोन चाली लागतात, म्हणजे वॉरियर शिरला की त्याची त्या टर्नची चाल संपली. तो हल्ला करू शकत नाही, नुसता उभा राहतो. वर, दलदलीत उभ्या युनिटच्या बचावातून दोन गुण जातात. डेइटीचा वॉरियर 20 अधिक 4, म्हणजे 24. दलदलीत 22. तुमच्या आर्चरचा मारा 25, पल्ला दोन टाइल. दोन्ही बाजू सारख्या असतील तर एका फटक्याला शंभरपैकी साधारण 30 आरोग्य जातं. इथे तीन गुण वर आहेत म्हणून 34 च्या आसपास. जखमी युनिट दर दहा आरोग्यामागे एक गुण कमजोर होतं, त्यामुळे दुसरा बाण आणखी लागतो, तिसरा त्याहून. तीन आर्चर, तीन बाण, वॉरियर खलास. तुमच्या एकाही युनिटला ओरखडा नाही.

तोच वॉरियर टेकडीवर उभा असेल तर त्याला तीन गुण वाढून 27 होतात. तेच तीन बाण मारा, बहुतेक वेळा तो जिवावर उरतो आणि पुढच्या टर्नला तुमच्या आर्चरच्या अंगावर येतो. आर्चरची हातघाईची ताकद फक्त 15. संपलंच मग. पाच गुणांचा आणि एका टाइलचा फरक, बास. भिंत बांधणाऱ्याला ही टाइल दिसतच नाही, कारण तो शहराकडे बघत असतो.

दलदलीच्या अलीकडे टेकडीवर स्वतःचा एक वॉरियर दोन टर्न ठाण मांडून ठेवा. 20, टेकडीचे 3, ठाण मांडल्याचे 6, मिळून 29. शत्रूच्या 24 वाल्याने त्याला मारलं तर तुमचे पंचवीसेक जातात, त्याचे पस्तिसाच्या वर. आर्चर त्याच्या मागे. पुढे नाही! आर्चर पहिल्या रांगेत उभा करणाऱ्यांशी मी बोलतही नाही.

हे सगळं स्वतःच्या हद्दीत करायचं, त्यामागेही हिशोब आहे. आपल्या हद्दीत न हलता थांबलेलं जखमी युनिट टर्नला 15 भरून काढतं, शहरात 20. परक्याच्या हद्दीत फक्त 5. तुमचा वॉरियर मागे जाऊन तीन टर्नांत उभा राहतो, त्याचा तिथेच कण्हत पडतो. हेच तुमचं 80 टक्क्यांना उत्तर. त्याच्या युनिटची संख्या जास्त असेल, तुमची एकेक युनिट दोनदा लढते.

इथवर दोन्ही प्रकारचे लोक माना डोलावतात. गाडी पुढे घसरते. शत्रूची चार-पाच युनिट मेली, बाकीची परत फिरली. आता पुढचा टर्न कशात घालवला? दुसरी भिंत, धान्यकोठार, एखादं वंडर (भव्य वास्तू) सुरू केलं असेल तर तुम्ही बसलेलेच होता, दलदलीचं गणित फुकट गेलं. शेजाऱ्याकडे या घडीला फौज नाही. दहा-पंधरा टर्नांनी ती पुन्हा असेल, आणि चांगली असेल. म्हणून मागे दोन तरवारवाले आणि एक बॅटरिंग रॅम (भिंत फोडायचा ओंडका) लढाई चालू असतानाच तयार हवेत, नंतर नाही. रॅम शेजारी असला की प्राचीन भिंतीवर हातघाईच्या युनिटचा पूर्ण मारा लागतो. शहराभोवतीच्या सगळ्या टाइल ताब्यात धरा, म्हणजे ते आरोग्य भरून काढू शकत नाही. एक बाजू मोकळी ठेवून चारदा हल्ले करणारे पाहिले की हात शिवशिवतात.

इतिहासाचा दाखला दिला की लोक लगेच गनिमी कावा म्हणतात आणि त्यात किल्ला धरून बसणंही घालतात. म्हणून दोन उदाहरणं. 1728 साली पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला हिंडवलं, जड तोफखाना मागे ठेवायला लावला आणि पाण्याची चणचण असलेल्या जागी कोंडलं. मोठी लढाई न होताच मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. दिवस सरत होते तसा तोटा निजामाचा होत होता. दुसरं आपल्याच गावातलं. मे 1818 मध्ये इंग्रजांचा सेनापती मन्रो सोलापुरावर आला तेव्हा दुसऱ्या बाजीरावाचं पायदळ आणि तोफा भुईकोटाच्या आसऱ्याला होत्या. कुमक येणार नव्हती, खुद्द पेशवा लांब पळत होता. पेठ गेली, बाहेरची फौज उधळली आणि काही दिवसांत किल्लाही गेला. तट मजबूत होता की नाही हा प्रश्नच नव्हता. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने जाताना ती तटबंदी बघा, अजून दणकट दिसते.

हा गोंधळ फक्त सिव्हमध्ये नाही. एक्सकॉम या टर्नवर चालणाऱ्या लढाईच्या खेळात लोक एक पाऊल टाकून ओव्हरवॉच (शत्रू हलला की गोळी घालायचा पवित्रा) लावत रांगायचे. 2016 च्या एक्सकॉम 2 मध्ये कितीतरी मोहिमांना टर्नांची मर्यादा आली आणि रांगणारे ओरडले. शिवाय तिथे जखमी शत्रू पूर्ण ताकदीने गोळी घालतो, म्हणून चार अर्धमेले करण्यापेक्षा दोन ठार केलेले बरे. जुन्या लॅपटॉपवर चालणारा आणि फुकट मिळणारा वेस्नॉथ खेळत असाल तर ओढून मारण्याचा सराव तिथेच करा. तिथले ऑर्क (राक्षसी योद्धे) रात्री 25 टक्के जास्त मारतात, दिवसा तेवढेच कमी. रात्री मागे सरका, गावांत जखमा भरा, उजाडलं की तुटून पडा. रात्रभर मागे सरकून सकाळीही जागेवरच थांबणारे महाभाग आहेत, त्यांना काय बोलायचं?

नुसतं बसणं कधीच चालत नाही असं मी म्हणत नाही. दोन शेजारी एकदम उठले तर एका बाजूला भिंत आणि दोन आर्चर ठेवून दुसऱ्याला संपवायचं, हे बरोबरच. विज्ञानात तुम्ही खरोखर पुढे असाल तर टर्न तुमच्या बाजूने सरतात, मग खुशाल बसा. डेइटीच्या पहिल्या शंभर टर्नांत मात्र तुम्ही पुढे नसता. स्वतःची समजूत घालू नका.

तहाचं एवढं लक्षात ठेवा: युद्ध सुरू झाल्यापासून दहा टर्न तह करताच येत नाही. फौज पाचव्या-सहाव्या टर्नला कापली असेल तर उरलेल्या टर्नांत त्याचं सीमेवरचं शहर गाठा. त्यानंतर तो सोनं देऊ करतो, कधी कधी शहरसुद्धा. दोन्ही समोर असतील तर मी शहर घेतो.