पवनचक्कीचं अनुदान आणि पवनचक्कीतला वाटा

एखाद्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहणार असं ठरलं, की आसपासच्या वाचनालयापासून क्रीडामंडळापर्यंत सगळ्या संस्थांच्या कानावर एकच गोष्ट येते: कंपनी परिसराला पैसे देणार आहे. या एका वाक्याच्या पोटात दोन अगदी निराळे व्यवहार असू शकतात. एकात कंपनी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला काढते आणि स्थानिक संस्था त्यातून अनुदान मागतात. दुसऱ्यात स्थानिक लोक किंवा त्यांची संस्था प्रकल्पातच भांडवल घालून मालक होते, आणि नफा झाला तर तो तिच्याकडे येतो. सभेत आणि माहितीपत्रकात हे दोन्ही एकाच दमात सांगितले जातात. मग संस्थेचं अंदाजपत्रक भलत्याच गृहीतकावर उभं राहतं.

आधी अनुदान. पैसे कशावर मोजले जातात ते पाहिलं की बरंचसं उलगडतं. स्कॉटलंडमध्ये सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जमिनीवरच्या प्रकल्पाने दर मेगावॅट स्थापित क्षमतेमागे वर्षाला 5,000 पौंड द्यावेत अशी अपेक्षा आहे, आणि महागाईबरोबर ही रक्कम वाढत जाते. इंग्लंडमध्ये पवनऊर्जा उद्योगाच्या संघटनेने 2013 मध्ये आपला आकडा 1,000 पौंडांवरून तिथेच नेला. म्हणजे 50 मेगावॅटच्या प्रकल्पातून वर्षाला अडीच लाख पौंड. त्या वर्षी वारा किती वाहिला, वीज काय भावाने विकली गेली, कंपनीला कर्जाचे हप्ते जड गेले का, याच्याशी या रकमेचा काही संबंध नाही. मात्र दोन्हीकडे हे पाळलं जातं ते प्रथा म्हणून, कायद्याची सक्ती म्हणून नाही.

आयर्लंडने हिशेब वेगळा ठेवला. तिथल्या सरकारी लिलाव योजनेतून (पहिला लिलाव 2020 मध्ये झाला) भावाची हमी मिळालेल्या प्रकल्पाला दर हजार युनिट विजेमागे 2 युरो निधीत घालावेच लागतात. समजा 30 मेगावॅटचा प्रकल्प आहे आणि तो वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या 35 टक्के वीज देतो. मग सुमारे 9 कोटी 20 लाख युनिट तयार होतील आणि निधीत 1 लाख 84 हजार युरोंच्या आसपास जमा होतील. वारा पडला तर निधीही उतरेल. इथे लोकांची गफलत होते. रक्कम वर्षागणिक कमी-जास्त होते म्हणजे आपण नफ्यातले भागीदार, असा समज होतो. तसं नाही. ही रक्कम उत्पादनावर आहे, नफ्यावर नाही. कंपनी तोट्यात गेली तरी ती द्यावी लागते आणि कंपनीला घबाड मिळालं तरी दर तोच राहतो.

ना-नफा संस्थांच्या दृष्टीने आयर्लंडचे नियम वाचण्यासारखे आहेत, कारण वाटणीही त्यांत लिहून ठेवली आहे. पवनचक्कीपासून एक किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक घराला वर्षाला किमान 1,000 युरो. किमान 40 टक्के रक्कम ना-नफा सामाजिक उपक्रमांना, तीही शिक्षण, स्वच्छ ऊर्जा, वस्तीचं जीवनमान आणि हवामान यांच्याशी जोडलेल्या कामांसाठी. व्यवस्थापनखर्च 10 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. उरलेल्यात क्लब, मंडळं आणि इतर स्थानिक कामं. जिथे असे आकडे लिहिलेले नसतात तिथे निधीचा मोठा भाग घरोघरी वाटला जाऊन संस्थांच्या हाती चिल्लर राहू शकते. तेव्हा निधी किती, याच्या आधी त्याची फोड विचारावी हे बरं.

जर्मनीत तर निधी संस्थांपर्यंत सरळ येतच नाही. तिथल्या कायद्यानुसार कंपनी दर युनिटमागे 0.2 सेंटपर्यंत रक्कम अडीच किलोमीटरच्या आतल्या नगरपालिकांना देऊ शकते. पुढे तिथल्या मंडळाला काय मिळेल ते पालिकेच्या अंदाजपत्रकावर.

अनुदान मागण्याची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच. संस्थेची घटना हवी, संस्थेच्या नावाचं बँकखातं हवं, त्यावर दोघांच्या सह्या हव्यात, मागच्या वर्षाचे हिशेब हवेत. निर्णय स्थानिक रहिवाशांची समिती घेते. पैसे सांभाळायला बऱ्याचदा एखादा त्रयस्थ ट्रस्ट असतो. आधीच करून टाकलेल्या खर्चाला पैसे मिळत नाहीत, पक्षीय राजकारणाला नाहीत, सरकारने करायच्या कामांनाही सहसा नाहीत. कुठे काम झाल्यावर बिलं दाखवून पैसे घ्यावे लागतात. हातात शिल्लक नसलेल्या छोट्या मंडळाला ही अट नामंजुरीइतकीच जड जाते, आणि माझ्या मते निधी चालवणाऱ्यांनी ती आधी काढून टाकावी. आणखी एक कलम ब्रिटनमधल्या कित्येक निधींच्या नियमांत दिसतं: पवनचक्कीविरोधी कामाला अनुदान नाही. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर समजण्यासारखं आहे. पण ज्या संस्थेच्या सभासदांतच प्रकल्पावरून दोन तट आहेत, तिने सही करण्यापूर्वी ते कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

भौगोलिक हद्दीचा वाद तर ठरलेलाच. निधी कोणत्या गावांना, हे नकाशावरच्या एका रेषेने ठरतं, आणि ज्यांना पाती रोज दिसतात ते कधी कधी रेषेच्या पलीकडे राहतात.

आता मालकी. कोपनहेगनच्या किनाऱ्यासमोर मिडलग्रुंडन इथे 2000 साली 20 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकूण 40 मेगावॅट. त्यांतल्या निम्म्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या सहकारी संस्थेच्या. सहकारी संस्थेने 40,500 वाटे काढले. एक वाटा म्हणजे वर्षाला अंदाजे 1,000 युनिट वीज. आठ हजारांहून जास्त लोकांनी ते विकत घेतले. कुणी अर्ज केला नाही, कुणाची समितीपुढे मुलाखत झाली नाही. त्यांनी पैसे गुंतवले आणि त्याबरोबर मतही मिळवलं.

ना-नफा संस्थेला जास्त जवळचं उदाहरण स्कॉटलंडच्या गिया बेटाचं आहे. बेटावरच्या लोकांनी 2002 मध्ये ट्रस्ट काढून अख्खं बेट विकत घेतलं आणि दोनतीन वर्षांत तीन वापरलेल्या पवनचक्क्या आणून बसवल्या. तिन्ही मिळून 675 किलोवॅट. त्यासाठी अनुदान, कर्ज आणि भागभांडवल अशी मिश्र जुळवाजुळव करावी लागली. असा मालक ट्रस्ट वीज विकतो, हप्ते भरतो, देखभालीचे पैसे देतो, यंत्र म्हातारं होईल तेव्हासाठी काही बाजूला टाकतो, आणि त्यानंतर जे उरतं ते बेटाच्या कामांना. हा क्रम महत्त्वाचा आहे. अनुदानात परिसराचा नंबर पहिल्या खर्चांत लागतो. मालकीत तो सगळ्यांत शेवटी लागतो. कर्ज फिटेपर्यंत हाती फार काही पडत नाही, आणि फिटल्यावर मात्र त्याच यंत्राचं उत्पन्न अनुदानाच्या कितीतरी पटींनी होऊ शकतं. ते कुठे खर्च करायचं हे सांगणारा बाहेरचा कुणी नसतो.

शेवटच्या नंबरावर असणं म्हणजे काय ते स्कॉटलंडच्याच लुईस बेटावर दिसलं. तिथे बेन ग्रीदाग इथला 9 मेगावॅटचा प्रकल्प पूर्णपणे स्थानिक ट्रस्टच्या मालकीचा आहे. तीन पवनचक्क्या, 2015 पासून सुरू, नफा धर्मादाय कामांना. ऑक्टोबर 2020 मध्ये स्काय बेट आणि हॅरिस (लुईसच्याच बेटाचा दक्षिण भाग) यांच्यामधली समुद्राखालची वीजवाहिनी तुटली. वारा होता, यंत्रं धडधाकट होती, पण वीज मुख्य भूमीकडे जायला वाट नव्हती. नवी वाहिनी टाकून जोडेपर्यंत 2021 चा उन्हाळा उजाडला. तोवर तिथल्या स्थानिक मालकीच्या प्रकल्पांचं उत्पन्न जवळजवळ बसलं. कंपनीच्या प्रकल्पातून मेगावॅटप्रमाणे अनुदान घेणाऱ्या संस्थेला अशा वेळी करारातली रक्कम मागता येते. मालक कुणाकडे मागणार?

हे ऐकून मालकी नकोच असं वाटायला नको. पण ज्या संस्थेचं काम बालवाडी किंवा रुग्णसेवेसारखं आहे, जिथे दर महिन्याला पगार द्यावे लागतात, तिने पगाराचा भार वाट्याच्या उत्पन्नावर टाकण्यापूर्वी निदान एका वर्षाच्या खर्चाची गंगाजळी उभी करावी, असं मला ठामपणे वाटतं.

दोन्हींची सरमिसळ किती महागात पडू शकते याचा नमुना इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या फॉरेस्ट ऑफ डीन भागात घडला. एका शेतावर एकच 500 किलोवॅटची पवनचक्की उभारायची होती. ती सहकारी धर्तीच्या स्थानिक संस्थेने चालवायची आणि उलाढालीच्या 4 टक्के रक्कम दरवर्षी परिसराच्या निधीत द्यायची, असा प्रस्ताव होता. म्हणजे मालकीही आणि देणगीही. स्थानिक परिषदेने परवानगी देताना ही देणगी जमेस धरली. एक रहिवासी कोर्टात गेला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. नोव्हेंबर 2019 मध्ये निकाल लागला: अशी देणगी जमिनीच्या वापराशी निगडित नाही, म्हणून परवानगी देताना ती विचारात घेता येत नाही, परवानगी विकत घेता येणार नाही. मंजुरी रद्दच राहिली. त्यामुळे ब्रिटनमध्ये कुणी संस्थांना ‘तुम्ही पाठिंब्याचं पत्र द्या, मग निधीत तुमचं नाव घालू’ असं सुचवलं, तर तो सौदा नैतिक दृष्ट्या वाईट आहेच, शिवाय कायद्याच्या कसोटीवरही त्या आश्वासनाला वजन नाही.

त्यातल्या 4 टक्क्यांकडेही नीट पाहायला हवं. टक्केवारी दिसली की माणसाला वाटा आठवतो. पण उलाढालीतले टक्के ही देणगी मोजण्याची पद्धत झाली. त्यातून मत मिळत नाही, हिशेबाच्या वह्या उघडत नाहीत, आणि पंचवीस वर्षांनी यंत्र उतरवताना त्याच्या भंगारावरही हक्क राहत नाही. स्कॉटलंडमध्ये तर मधला आणखी एक प्रकार मान्य आहे: स्थानिक संस्था पैसे घालून प्रकल्पाच्या महसुलातला हिस्सा विकत घेते, पण कारभारात तिला जागा नसते. तिथे भांडवलाची जोखीम मालकासारखी आणि अधिकार जवळपास अनुदान घेणाऱ्याइतकेच. मला हा प्रकार फारसा रुचत नाही, पण कर्ज स्वस्त असेल आणि उत्पन्नाचा तळ करारात लिहिलेला असेल तर हिशेब जमू शकतो.

डेन्मार्कचा प्रवास या बाबतीत बोलका आहे. तिथे 2009 पासून कायदाच होता, की कंपनीने प्रकल्पातले किमान 20 टक्के वाटे आसपासच्या रहिवाशांना देऊ करावेत. 2020 मध्ये ही सक्ती काढली आणि तिच्या जागी जवळच्या घरांना वार्षिक बोनस आणि नगरपालिकेकडे हरित निधी असं रोख पैशांचं रूप आलं. जिथे वाट्याची कल्पना इतकी रुजली होती तिथेच कायद्याने ती सोडून रोखीकडे जावं, याचं नवल वाटतं. माझा अंदाज साधा आहे: वाटा घ्यायला आधी खिशात पैसे लागतात, आणि ज्यांच्याकडे ते नसतात त्यांच्यासाठी हा कायदा कागदावरच राहतो. जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने मात्र 2016 मध्ये उलट वाट धरली आणि पाच किलोमीटरच्या आतल्या लोकांना आणि पालिकांना किमान 20 टक्के वाटा देऊ करणं सक्तीचं केलं. 2022 मध्ये जर्मनीच्या केंद्रीय घटनात्मक न्यायालयानेही ही सक्ती मुळात योग्य ठरवली.

दोन्ही एकाच ठिकाणी नांदू शकतात, हेही खरं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या हेपबर्नमध्ये 2011 पासून दोन पवनचक्क्या सहकारी मालकीच्या आहेत, आणि तीच सहकारी संस्था परिसरातल्या उपक्रमांना अनुदानंही देते. तिथलं मंडळ अर्जदार म्हणून अर्ज करतं आणि त्याच मंडळाचा सचिव सभासद म्हणून मतदान करतो. अशा वेळी समितीत कोण बसतं आणि स्वतःच्या संस्थेचा अर्ज आला की उठून बाहेर जातं का, हे विचारलं पाहिजे.

निधीतूनच वाटा विकत घेण्याची कल्पनाही हल्ली बऱ्याच संस्थांच्या डोक्यात येते: दहा वर्षांचं अनुदान साठवायचं आणि मालक व्हायचं. जमेल, पण आधी निधीचा करार काढून दोन गोष्टी पाहायच्या. अनुदान गुंतवणुकीला वापरता येतं का. बहुतेक निधी ते एखाद्या नेमक्या कामासाठीच देतात. आणि मधल्या काळात कंपनीने प्रकल्प विकला, तर निधीची जबाबदारी नव्या मालकावर आपोआप जाते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारात सापडलं नाही, तर ते पहिल्या वर्षाचा धनादेश येण्यापूर्वीच लेखी मागून घ्यावं.