उतार टक्क्यांत की अंशांत? सोलापूरच्या जमिनीसाठी सॉफ्टवेअर निवडण्यामागची पार्श्वभूमी

सोलापुरात जमिनीच्या उताराचा विचार संगणकाच्या फार आधी सुरू झाला. कोरडवाहू शेतीचे संशोधन इथे १९३३ पासून चालू आहे. मुंबई इलाख्यातला जमीन सुधारणा योजनांचा कायदा १९४२ चा, आणि समपातळी बांधबंदिस्तीला (उताराला आडवे, एकाच उंचीच्या रेषेत घातलेले मातीचे बांध) सरकारी बळ मिळाले ते त्यानंतर. डंपी लेव्हल (उंचीफरक मोजायची दुर्बीण), स्टाफ (खुणांची उभी पट्टी) आणि मोजणीची साखळी एवढ्यावर उतार निघत असे.

कागदावर उतार बघायचा तर टोपोशीट, म्हणजे जमिनीची उंचसखलता दाखवणारा सरकारी नकाशा. सोलापूर शहर ४७ ओ या शीटात येते. १:५०,००० च्या शीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सहसा २० मीटर उंचीच्या अंतराने काढलेल्या असतात. जमिनीला एक टक्का उतार असेल तर अशा दोन रेषांमध्ये रानात दोन किलोमीटर आणि कागदावर चार सेंटिमीटर अंतर पडते. मधल्या पट्ट्यात पाणी कुठे वळते याबद्दल शीट काही सांगत नाही. बार्शीकडे बालाघाटाच्या कडेला ती चांगली कामाला येते, मंगळवेढ्याच्या सपाट काळ्या शिवारात मात्र जवळजवळ मुकी.

फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली आणि चित्र पालटले. ती एसआरटीएम माहिती आपल्याकडे आधी दर ९० मीटरच्या चौकटीला एक उंची अशी मिळत होती, २०१४ नंतर ३० मीटरची खुली झाली. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहापासून तयार झालेले उंचीचे पटलही इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येऊ लागले. २०१७ पासून टोपोशीटही भारतीय नागरिकांना विनामूल्य मिळू लागल्या. माहिती हाती आली, तसा प्रश्न उभा राहिला: नवख्याने ती उघडायची कशात?

गूगल अर्थ सगळ्यांत सोपे. रेघ ओढली की उंचीचा छेद दिसतो, उतारही टक्क्यांत दिसतो. पण तो त्या रेघेपुरताच, पूर्ण गावशिवाराचा उतार नकाशा त्यातून निघत नाही. ग्रास हे मोफत नकाशा सॉफ्टवेअर १९८० च्या दशकापासूनचे, भक्कम. मात्र माहिती साठवण्याची त्याची रचना समजून घेईपर्यंत नवखा दमतो. सागा या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरचे भूरूप विश्लेषण उत्तम, पण त्यात उताराचे एकक न बदलल्यास उत्तर रेडियन या कोनाच्या गणिती एककात येते. परवान्याची महागडी पॅकेजेस कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकायला ठीक. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाच्या घरच्या लॅपटॉपवर ती नसतात. राहिले क्यूजीआयएस. २००२ मध्ये सुरू झालेले हे मोफत सॉफ्टवेअर २०१८ च्या ३.० आवृत्तीनंतर खऱ्या अर्थाने हाताला बसले. मी नवख्यांना हेच सुचवतो. कारण फक्त फुकटपणाचे नाही. एककाचा घोळ कुठे होतो ते यात उघडपणे दाखवता येते.

हा घोळ मोठा आहे. शेतकरी, कृषी सहायक आणि मृदसर्वेक्षणाची पुस्तके ‘उतार’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात टक्के असतात: शंभर मीटर चालल्यावर किती मीटर उतरलो. सॉफ्टवेअरच्या मनात बहुधा अंश असतात. शंभर टक्के म्हणजे ४५ अंश, एक टक्का म्हणजे जेमतेम ०.५७ अंश. आपल्याकडचे रूढ वर्ग ०–१, १–३, ३–५, ५–१० असे, आणि ते टक्क्यांतले. क्यूजीआयएसमध्ये ‘स्लोप’ नावाची दोन साधने आहेत. एक अंशांतच उत्तर देते, दुसऱ्यात टक्क्यांसाठी खूण करायची चौकट असते. पहिले वापरून त्यावर टक्क्यांचे वर्ग लावले की पाच टक्के उताराचे रान २.८६ अंश म्हणून १–३ च्या वर्गात जाऊन बसते. नकाशा देखणा येतो, अख्खा तालुका सपाट दिसतो, आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

याची किंमत शेतात मोजावी लागते. पाऊस ६०० मिलिमीटरच्या आत आणि उतार सहा टक्क्यांपर्यंत असेल तर समपातळी बांध, हा जलसंधारणातला रूढ दंडक. सहा टक्के म्हणजे ३.४३ अंश. दोन बांधांमधला उंचीफरक काढण्याचे एक प्रचलित सूत्र असे: उताराला तीनने भागा, दोन मिळवा, ०.३ ने गुणा. तीन टक्के उताराला ०.९ मीटर येते, म्हणजे बांध ३० मीटरवर. त्याच रानाचे १.७२ अंश कोणी टक्के समजून घातले तर बांध सुमारे ४५ मीटरवर जातो. मधल्या जास्तीच्या पंधरा मीटरांत पाण्याला वेग मिळतो आणि माती पुढच्या ताली फोडून ओढ्याला लागते. अभ्यासक्रमात अंशच शिकवावेत, ते शास्त्रीय आहेत, असे काही शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या जिल्ह्यात सगळे निर्णय शून्य ते सहा टक्क्यांत होतात, तिथे पहिला नकाशा टक्क्यांतच हवा.

दुसरी अडचण प्रक्षेपाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची. उतरवलेली फाइल अक्षांश-रेखांशात असते, म्हणजे आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये. ती तशीच चालवली तर जवळजवळ प्रत्येक चौकट कड्यासारखी उभी दिसते. आधी यूटीएम या मीटरमध्ये अंतर मोजणाऱ्या प्रक्षेपाच्या ४३ उत्तर विभागात आणली की प्रश्न मिटतो.

उरते माहितीची मर्यादा, आणि तिला कोणतेही सॉफ्टवेअर पुरे पडत नाही. एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये नोंदलेली असते. उतार शेजारच्या चौकटींवरून, म्हणजे ६० मीटरच्या अंतरावर, काढला जातो; तिथे एका मीटरची पायरी आली की १.७ टक्के उतार ‘तयार’ होतो. सीना-भीमेच्या काठच्या सपाट रानात खरा उतार अनेकदा याहून कमी असतो. पाणलोटाची माथ्यापासून पायथ्यापर्यंतची ढोबळ विभागणी या नकाशावर होते. एकेका बांधाची रेघ मात्र आजही शिवारात लेव्हल लावूनच आखावी लागते.