पर्यावरणीय बायबलमीमांसा

जमीन, पाणी, झाडेझुडपे आणि प्राणी यांचे बायबलच्या मजकुरात काय होते, हे तपासणारी बायबल-अभ्यासाची शाखा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती आकाराला आली. निसर्गरक्षणाची सुवचने वेचून काढणे, असा तिचा अर्थ बरेचदा घेतला जातो. अभ्यासक्षेत्र म्हणून तिचा कस लागतो तो मात्र अडचणीच्या उताऱ्यांपाशी.

वादाला तोंड फुटले १९६७ मध्ये. मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकातील एका छोट्या लेखात पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात असल्याचे मांडले. रोख बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर होता (१:२६–२८, म्हणजे अध्याय १, वचने २६ ते २८). देव माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवतो, पृथ्वी सत्तेखाली आणायला सांगतो आणि मासे, पक्षी, जनावरे यांच्यावर अधिकार देतो. व्हाइट स्वतः ख्रिस्ती होते आणि उपायही त्यांनी घरचाच सुचवला : असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावे. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तशी घोषणा केलीही.

लेखातला इतिहास ढोबळ होता. जंगले प्राचीन रोमनांनीही तोडली, आणि ती बायबल वाचून नव्हे. प्राचीन व मध्ययुगीन टीकाकारांपैकी कित्येकजण तर उत्पत्तीतल्या श्वापदांचा अर्थ माणसाच्या मनातले विकार असा लावीत. सत्ता चालवायची ती त्यांच्यावर. निसर्ग ताब्यात घेण्याचा परवाना म्हणून हे वचन ठळकपणे वाचले जाऊ लागले ते सतराव्या शतकाच्या सुमारास. इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने १६२० मध्ये लिहिले, की आदामाच्या पतनात, म्हणजे पहिल्या माणसाने देवाची आज्ञा मोडली तेव्हा, माणसाने निष्पापपणाही गमावला आणि सृष्टीवरची सत्ताही. पहिल्याची भरपाई धर्माने व्हावी, दुसरीची विद्या आणि कलाकौशल्याने.

व्हाइट यांना दिलेल्या उत्तरांत एक युक्तिवाद फार चालला. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात (२:१५) आदामाला एदेन बागेची मशागत आणि राखण करायला ठेवले आहे, तेव्हा माणूस मालक नसून विश्वस्त आहे. चर्चच्या पत्रकांना हा शब्द सोयीचा ठरला. केरळचे ऑर्थोडॉक्स बिशप पौलोस मार ग्रेगोरिओस यांनी १९७८ मध्येच त्यातली फट दाखवली होती. मालकाच्या जागी विश्वस्त आणून बसवला तरी निसर्ग ही माणसाच्या हाती सोपवलेली वस्तूच राहते, हा त्यांचा आक्षेप अजून कोणी नीट खोडलेला नाही.

उत्पत्तीच्या तीन वचनांवर एवढी शाई सांडली, त्यामानाने शेतीचे आणि रानाचे खरे तपशील असलेले भाग बराच काळ बाजूला राहिले. प्राचीन इस्राएलचा डोंगराळ मुलूख जिरायती होता. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात (११:१०–११) मिसर (इजिप्त) देशाशी तुलनाच केली आहे : तिकडे बी पेरल्यावर भाजीच्या मळ्यासारखे पाणी द्यावे लागे, इकडची जमीन आकाशातून पडणारा पाऊस पिते. अशा मुलखात पाऊस चुकला की सारेच चुकते. म्हणून होशेय संदेष्टा (४:१–३) खोट्या शपथा, चोऱ्या आणि रक्तपात यांच्यामागोमाग जमीन शोक करते, रानातले पशू, पक्षी आणि समुद्रातले मासेसुद्धा नाहीसे होतात असे म्हणतो, तेव्हा ते त्याच्या श्रोत्यांना अलंकारिक वाटले नसावे.

या दृष्टीने सर्वांत भरघोस ग्रंथ म्हणजे लेवीय. इतर वाचक त्याला कंटाळवाणा कायदा समजून ओलांडून जातात. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी. आपोआप उगवेल ते मालक, दास-दासी, मजूर, परके, गुरे आणि रानातली जनावरे यांनी खावे (२५:४–७). जमीन कायमची विकू नये, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावर उपरी व कुळे म्हणून राहतात (२५:२३). पुढच्या अध्यायातली धमकी अजब आहे. लोकांनी हे पाळले नाही तर ते देशोधडीला लागतील आणि मग ओस पडलेली जमीन आपली थकलेली विश्रांती वसूल करील (२६:३४–३५). ज्यू लोकांच्या बाबेलमधील (बॅबिलोनमधील) बंदिवासाची सत्तर वर्षे दुसऱ्या इतिहासाच्या पुस्तकाने (३६:२१) नेमकी याच हिशेबात धरली आहेत. इथे जमिनीला हक्क आहे, आणि तो माणसांच्या गैरहजेरीतही चालतो.

ईयोबच्या पुस्तकाच्या शेवटी (३८–४१) देव वादळातून बोलतो तो रानगाढव, रानबकऱ्या, शहामृग आणि गरुड यांच्याविषयी. पाऊस पाडतो तोही जिथे माणूस राहत नाही अशा ओसाड जागी. स्तोत्र १०४ मध्ये सिंहांनी रात्री शिकार करावी आणि माणसाने दिवसा कामाला जावे, अशी पाळीच लावून दिली आहे. ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की उत्पत्तीतल्या सत्तेचा आवाज बराच खाली येतो.

पद्धतशीर अभ्यास उभा राहिला ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे, ल्यूथरन विद्वान नॉर्मन हेबेल यांच्या पुढाकाराने. हेबेल काही काळ कोडईकनालच्या आंतरराष्ट्रीय शाळेचे प्राचार्यही होते. त्यांच्या ‘अर्थ बायबल’ (अर्थ म्हणजे इंग्रजीतली Earth, पृथ्वी) मालिकेचे पाच खंड २००० ते २००२ दरम्यान निघाले. पृथ्वीला अंगभूत मोल आहे, तिला आवाज आहे, अन्यायाला ती प्रतिकार करते, अशा सहा तत्त्वांवर प्रत्येक उतारा तपासायचा. तत्त्वांच्या शब्दांत देवाचे नाव मुद्दाम टाळले होते, म्हणजे शास्त्रज्ञांशीही बोलता यावे. पुढे कसोट्या तीन झाल्या : उतारा माणसाच्याच बाजूने लिहिला असावा असा संशय घ्यायचा, पृथ्वीशी नाते ओळखायचे, मग दबलेला तिचा आवाज शोधायचा. परंपरानिष्ठ वाचकांची तक्रार अशी, की यात धर्मग्रंथच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. तक्रार चुकीची नाही. हेबेल यांना तेच करायचे होते.

कारण काही उतारे पिंजऱ्यात उभे करण्यासारखे आहेतच. मार्कच्या शुभवर्तमानात (५:१३) येशूने एका माणसातून काढलेली भुते शिरून दोन हजारांच्या सुमारास डुकरे कड्यावरून धावत जाऊन बुडतात. हंगाम नसताना फळ नाही म्हणून अंजिराला येशूचा शाप मिळतो (११:१३–१४). पेत्राचे दुसरे पत्र (३:१०) आकाश आणि मूलतत्त्वे अग्नीने लयाला जातील म्हणते. याच वचनाच्या शेवटी पृथ्वी ‘जळून जाईल’ असा पाठ काही हस्तलिखितांत आहे. सिनाई आणि व्हॅटिकनच्या जुन्या प्रतींत मात्र ती ‘सापडेल’ असे आहे. जग जळायचेच असेल तर ते राखायचे कशाला, असे म्हणणाऱ्या पंथांसाठी हा पाठभेद लहान नाही.

इंग्लंडमधील एक्सिटर विद्यापीठात डेव्हिड हॉरेल आणि सहकाऱ्यांनी बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रांकडे लक्ष वळवले : सारी सृष्टी कण्हत असल्याचे रोमकरांस पत्रातले वचन (८:१९–२३) आणि कलस्सैकरांस पत्रातले ख्रिस्तस्तोत्र (१:१५–२०). या दुसऱ्या उताऱ्यावर अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जोसेफ सिट्लर १९६१ मध्येच बोलले होते, तेही नवी दिल्लीत, जागतिक चर्च परिषदेच्या अधिवेशनात. निसर्गही तारणाच्या (मुक्तीच्या) कक्षेत येतो, असा त्यांचा मुद्दा होता. या विषयाचा इतिहास व्हाइट यांच्यापासून सुरू करण्याची रीत त्यामुळे थोडी अपुरी पडते.

चर्चच्या व्यवहारात हे वाचन उतरले ते पुढे. १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स महाधर्मगुरू (पॅट्रिआर्क) दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्राने उत्पत्तीतील अधिकाराचा अर्थ निरंकुश सत्ता असा लावणे स्पष्टपणे नाकारले आणि लेवीयातील जमिनीचा विसावाही पुढे आणला.

मराठीत या शाखेचे स्वतंत्र लेखन थोडे आहे, पण वसईत बायबल आणि भूमी यांचा संबंध एका व्यक्तीच्या कामात जुळला. मराठीत ‘सुबोध बायबल’ आणणारे आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हेच हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचे नेतृत्व करीत होते. त्या आंदोलनात सर्व धर्मांचे वसईकर होते, आणि मागणी होती ती वसईचा हरित पट्टा बांधकामापासून वाचवण्याची.